मिसेचा आवाज

कोरेज्मातला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळातला, दुसरा शुक्रवार. मांस वर्ज्य, म्हणून इसवणाचे तुकडे रवा लावून तव्यावर. शेजारच्या काकींनी कुंपणावरून विचारलं, "आज उपास ना गे तुमचा?" मी म्हटलं, "होय, आज मांस नाही." त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. हरमलचा किनारा जवळ, पहाटेची मासळी दारात, आणि अशा गावात राहणाऱ्या बाईने शुक्रवारी कोंबडी सोडून इसवण खाल्लं तर तिने सोडलं ते काय? नियम करणारा माणूस पेडण्याचा नव्हता, एवढं नक्की.

लगेच मनात आलं: काकी तरी काय वेगळ्या! साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी. हा विचार किती चटकन आला ते लिहून ठेवते. माझा तुकडा तव्यावर उलटायच्या आत मी त्यांच्या ताटात पोचले होते.

*

पाद्र्याबनी सांगितलं होतं, ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत रोज एक ओळ लिहा, आज आपण कुठे खोटं वागलो ती. पुढच्या रविवारी वही उघडून पाहिली. सहा ओळी होत्या. त्यांतल्या चार दुसऱ्यांबद्दल.

*

माहेर सावंतवाडीकडचं, सासर पेडण्यातलं, नोकरी सगळी डिचोली तालुक्यात, मराठी प्राथमिक शाळेत. घरात कोंकणी. इगर्जीत मिसेला वाचन माझ्याकडे असतं तेव्हाही कोंकणीच वाचते, पण आवाज शाळेतून आणलेला: सावकाश, जड, प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबून. घरात कोणाला रागे भरायची वेळ आली की हाच आवाज लागायचा. मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ती भावाला हळूच सांगायची, "मांय मिसेचो आवाज काडटा." मी ऐकून हसायचे, थोडी सुखावायचेही.

फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. १६१६ मध्ये राचोलला त्यांचं क्रिस्तपुराण छापून निघालं, ते मराठी ओव्यांत. माणसाला कोंकणी उत्तम येत होती, तिचं व्याकरणही त्यांनी लिहिलं. पण पुराण म्हटल्यावर इथल्या लोकांच्या कानाला सवय मराठीची, म्हणून पुराण मराठीत. त्यांचं कारण चांगलं होतं. माझ्या बाबतीत मात्र मराठी ही चांगलं दिसायची भाषा होऊन बसली. भांडण कोंकणीत, बोध मराठीत. कुमसार, म्हणजे पापाची कबुली, कोंकणीत, भाषण मराठीत. ही वही मराठीत आहे, तेव्हा जपून वाचावी.

*

कुसळ आणि मुसळ. आपल्याकडे ही म्हण इतकी घरची झाली आहे की तिच्यात येशूचं काही आहे असं बहुतेकांना वाटतही नाही. मुळात ती सुताराची थट्टा आहे. एकाच्या डोळ्यात बारीक काडी, दुसऱ्याच्या डोळ्यात घराचा वासा. मराठीत आली आणि सुताराच्या पडवीतून उठून बायकांच्या उखळापाशी बसली. कुसळ म्हणजे पायवाटेने चाललं की लुगड्याला चिकटतं ते. मुसळ कोपऱ्यात उभं. मला हा बदल फार आवडतो. वाशापेक्षा मुसळ बरं, कारण ते रोज आपल्या हातात असतं.

हा धडा मी दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, मुलांना किती वर्षं शिकवला याचा हिशेब नाही. फळ्यावर चित्रही काढायची. डोळ्यात मुसळ असलेला माणूस नेहमी मिशीवाला असायचा.

*

डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीतले तालुके. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं १७८८ मध्ये. तोवर बारदेश-सासष्टीतल्या धर्मांतरांना दोनशे वर्षं होऊन गेली होती आणि राज्यकर्त्यांची ती धमकही उरली नव्हती. लोकांच्या देवधर्माला हात लावणार नाही, असं कबूल करून त्यांना इथे यावं लागलं. म्हणून आमच्याकडे देवळं जागोजाग, इगर्ज एखादी. शापोरा नदी ओलांडून बारदेशात गेलं की चित्र पालटतं.

थोडे असण्याची एक सोय असते. मी ज्या गावात शिकवत होते तिथे मी 'किरिस्तांव बाई'. लग्नातला हिशेब, भिशीचे पैसे, भांडणातली साक्ष, सगळं माझ्याकडे यायचं. किरिस्तांव बाई खोटं बोलायची नाही, अशी बोलवा. ती मी कमावलेली नव्हती, पण जपली मात्र फार.

एका वर्षी पट घसरला. मराठी शाळा पटाअभावी एकेक करून बंद पडत होत्या, आमचाही नंबर लागणार अशी कुजबुज. तपासणीच्या दिवशी मी दोन मुलांची हजेरी लावली. ती दोघं आईबापाबरोबर केव्हाच मुलखाला निघून गेली होती. साहेबांनी मस्टर उघडलं, खालची सही वाचली, म्हणाले, "बाई, तुमचं काय बघायचं!" आणि मिटलं. दुसऱ्या कोणा शिक्षिकेचं असतं तर डोकी मोजली असती. शाळा वाचली. मुलांसाठीच केलं, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं आणि ते निम्मं खरंही आहे.

त्याच संध्याकाळी दोतोर्न होती. धडा आठव्या आज्ञेचा, खोट्या साक्षीचा. शिकवला. चांगला शिकवला.

*

कुमसाराला गेले की मी रागाचं पाप सांगते. वर्षानुवर्षं तेच. राग हे शिक्षिकेला शोभणारं पाप आहे. त्यात कर्तव्याचा वास असतो. जाळीपलीकडून पाद्र्याबही तेच ऐकून कंटाळले असतील. मस्टरचं सांगितलं नाही. ट्रकचं तर नाहीच.

*

तर ट्रक.

२००७ च्या सुमारास घेतला. 'आम्ही घेतला' म्हणजे नवऱ्याने आणि दिराने, पण कर्जाच्या कागदावर सही माझी, कारण बांधलेला पगार माझा. त्या वर्षांत डिचोलीत ज्याच्या दारात ट्रक नाही तो खुळा ठरत होता. चीनला लोखंड हवं होतं. खाणीवरून खनिज भरायचं, सारमानसच्या धक्क्यावर ओतायचं, तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव, पुढे बोट. जेवढ्या खेपा तेवढा पैसा, म्हणून सगळेच सुसाट.

माझी शाळा त्याच रस्त्याला लागून. खिडक्या लावल्या तरी बाकांवर लाल थर बसायचा आणि मुलं त्यात बोटाने आपापली नावं लिहायची. खोकला बारमाही. परिसर अभ्यासात 'धूळ आणि आरोग्य' असं मी फळ्यावर लिहायची, आणि बाहेरून ट्रक जाऊ लागला की आवाज संपेपर्यंत खडू हातात धरून थांबायची. त्यातला एखादा आमचाच असे. ड्रायव्हर मला खिडकीत पाहून दोनदा हॉर्न द्यायचा. पोरांना ती गंमत वाटायची. मलाही आत कुठेतरी बरं वाटायचं, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

रविवारी प्रार्थना वाचायला मी. शेतकऱ्यांसाठी, पाण्यासाठी, देवाने दिलेल्या सृष्टीसाठी. मिसेच्या आवाजात. इगर्जीची वर्गणी एकदाही चुकली नाही, फेस्ताचा वाटा वेळेवर, वहीत पै-पैची नोंद. येशू परुश्यांवर चिडला होता तो पुदिना, शेपू आणि जिऱ्यावरून: परसातल्या वाफ्याचा दशांश काटेकोर आणि न्याय मात्र हिशेबात नाही. आमच्या परसात शेपू होत नाही, एवढाच फरक.

२०१२ च्या सप्टेंबरात बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगाचा अहवाल बाहेर आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. ट्रक अंगणात उभा राहिला, चाकांखाली गवत उगवलं. हप्ते थांबले नाहीत. तेव्हा मी जे बोलले ते आठवतं. पर्यावरणवाले म्हणजे पणजीत पंख्याखाली बसणारे, यांच्या पोटाला कुठे चिमटा आहे, वगैरे. शिरगावातल्या विहिरी खाणीपायी आटल्या हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. तिकडून येणारे सहकारी डब्याबरोबर पाण्याची गोष्ट रोज घेऊन यायचे. मी डब्याची चौकशी करायची.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लौदातो सी' आलं, सृष्टीच्या जतनावरचं. तोवर ट्रक विकून झाला होता, तोट्यात. आमच्याकडे वाचनगट निघाला आणि तो चालवायचा मान मला मिळाला. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरवले तेव्हा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हटलं, बरं झालं. घरात कोणी काही बोललं नाही. नवऱ्याने फक्त चष्मा काढून पुसला.

क्रम असा: आधी ट्रक गेला, मग मी पर्यावरणवादी झाले. गटात अनुभव सांगताना मी तो उलटा सांगते.

*

'ढोंगी' असं आपण शुभवर्तमानात वाचतो तिथे मूळ ग्रीक शब्द नटाचा आहे, रंगमंचावर सोंग घेणाऱ्याचा. पेडण्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सोंग आणि ढोंग ही जोडी आमच्याकडे दारातच आहे. जत्रेच्या रात्री दशावतार. लिहिलेले संवाद नाहीत, जो तो आपल्या अकलेने बोलतो, तोंड आपलं आपण रंगवतो. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाई मला मागच्या बाजूला घेऊन बसल्या होत्या. राजा झालेला माणूस असा काही बोलला की अंगावर काटा आला. सकाळी तोच दुकानावर विडी मागत होता, कानामागे थोडा रंग राहिलेला. कोणी गमतीने 'महाराज' म्हणालं तर लाजला.

तेव्हा नटाला ढोंगी म्हणणं मला पटत नाही. त्याचं पहाटे उतरतं. सून म्हणते, रविवारी दुपारची जेवणं होईपर्यंत आईंशी बोलायला भीती वाटते.

*

शाळेत माझ्याबरोबर एक मास्तर होते, लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त. शिरगावची जत्रा जवळ आली की त्यांचं व्रत सुरू. सोवळं, वेगळं जेवण, मग गळ्यात मोगऱ्याचे कळे, हातात वेताची काठी आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत पलीकडे. मी त्यांना एकदा म्हटलं, "मास्तर, विज्ञान शिकवता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही डिसेंबरात गोंयच्या सायबाकडे चालत जाता ना?" जाते. पेडण्याहून जुनं गोवं, आमच्या संताच्या फेस्ताला, रात्रभर. पाय सुजतात, आणि सुजलेले पाय महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे स्टुलावर ठेवलेले असतात. तिथे मी मेणाचा गुडघाही वाहिला आहे. तो विज्ञानात कुठे बसतो ते मास्तरांनी विचारलं नाही.

त्यांनी व्रताबद्दल कधी शब्द काढला नाही. डबा खात नाहीत म्हणून आम्हाला कळायचं.

लईराई आणि मापशाची मिलाग्र सायबीण या बहिणी, असं आमच्याकडे मानतात. फेस्ताला एकीकडून तेल जातं, जत्रेला दुसरीकडून मोगरा येतो. पूर्वी मला या गोष्टीची लाज वाटायची. दोतोर्नीत कोणी विचारलं तर विषय बदलायची. अलीकडे पुण्या-मुंबईहून कोणी आलं की मीच रंगवून सांगते. बघा, आमच्या गोव्यात कसं आहे. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. दोन्ही काळांत गोष्ट तीच, बहिणीही त्याच. दोन्ही काळांत मोठी मीच.

*

१२ मार्च २०००, कोरेज्मातला पहिला रविवार. पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या इतिहासातल्या चुकांबद्दल देवाची क्षमा मागितली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० ते १८१२. जे १८१२ मध्ये संपलं त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, रडूसुद्धा येतं. काकींच्या इसवणाबद्दल, म्हणजे खिचडीबद्दल, अजून माफी मागितलेली नाही.

*

पुतण्या बिलिव्हर झाला. फेस्ताला आला नाही, लादाइनीला आला नाही, आला तेव्हा आल्तारापुढच्या सायबिणीकडे पाठ करून बसला आणि मला सांगू लागला की मी मूर्तिपूजक आहे. बोलणं सावकाश, जड, प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबून. मी संतापले. तो गेल्यावर नवरा म्हणाला, "तुझ्याकडेच शिकला ना तो, दोतोर्न?"

*

मंदिरात वर मान करून उभा राहिलेला परुशी आणि मागे छाती पिटणारा जकातदार. या गोष्टीवर प्रवचन झालं की पुढचे आठ दिवस आमच्याकडे मागच्या बाकांवर जागा मिळत नाही. पुरुष तर आधीपासूनच दाराबाहेर, व्हरांड्यात. त्यांचं कारण नम्रतेचं नाही, सिगारेटचं आहे. मी त्या रविवारी मागे बसले आणि पुढे बसलेल्या बायकांची डोकी मोजली.

*

लक्ष्मीबाई टिळक पुन्हा वाचतेय. नवऱ्याने, नारायणरावांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाईंवर आकाश कोसळलं. पुढे त्याही त्याच वाटेने गेल्या. 'स्मृतिचित्रे'त आपल्या सोवळ्याओवळ्याबद्दल त्या लिहितात ते वाचताना मी मोठ्याने हसते. स्वतःवर त्या कुठे कोरडे ओढत नाहीत. कशी होते मी, बघा, असं दाखवतात आणि पुढे जातात.

माझ्या वहीत हे जमलेलं नाही. मी कबूल करते तेही पदर सावरून.

*

आज वाचन पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं. पेत्र अंत्युखियात परजातीयांच्या पंगतीला बसून जेवत होता. यरुशलेमेकडची माणसं आली तसा तो हळूच उठून वेगळा झाला. त्याचं बघून बाकीचे उठले. पौलाने सगळ्यांसमोर त्याला ढोंग म्हणून सुनावलं. दोघंही संत, आणि भांडण कशावरून, तर कोणाबरोबर जेवायचं यावरून. आम्हा गोंयकारांना हा अध्याय कळायला टीकाग्रंथ नको.

आमच्यात जात नाही असं मी शाळेत वीस वर्षं सांगितलं. मुलाने लग्न ठरवलं तेव्हा माझा पहिला प्रश्न "मुलगी काय करते" हा नव्हता. "ते कोणाचे?" हा होता. बामण, चारडो, सुदीर, गावडे: पाण्याने धुतलं गेलं असं म्हणतात ते सगळं कोरडंच राहिलेलं आहे. कोंफ्रारींची, म्हणजे इगर्जीतल्या मंडळांची, जुनी भांडणं मोठ्यांच्या तोंडून ऐकली तर कळेल कोणाला कुठला झगा घालायचा मान आणि कोणी नुसतं बघायचं. सून चांगली निघाली. 'चांगली निघाली' हे मी जसं म्हणते त्यातच सगळं आलं.

वाचन उत्तम झालं, असं दोघी-तिघींनी बाहेर सांगितलं.

*

भांडीकुंडी करायला येणाऱ्या मावशी आमच्याच इगर्जीतल्या. ओस्त घ्यायला रांगेत कधी माझ्या पुढे, कधी मागे. घरी त्यांचा चहाचा कप वेगळा. मुद्दाम नाही, दांडी तुटलेला एक होता, तो त्यांना दिला आणि तोच पडून गेला. मोरीच्या वरच्या फळीवर पालथा असतो. सासूबाईंच्या वेळी करवंटी होती, त्या मानाने सुधारणाच, असं मी एकदा कोणाला म्हटलंही होतं.

आज त्यांना कपाटातला कप काढून दिला, निळ्या फुलांचा, मुलाच्या लग्नात आलेल्या संचातला. त्यांनी कप पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पावणे येवचे आसत काय?"

नाही म्हटलं. त्यांनी पडवीच्या पायरीवर बसून चहा घेतला, नेहमीसारखा, दोन्ही हातांनी धरून, दांडीला बोट न लावता. मग पदर खोचून उठल्या, तो कप बाकीच्या भांड्यांबरोबर धुतला आणि ओला माझ्या हातात देऊन विचारलं, कुठे ठेवू?

मी कपाटाकडे पाहिलं, मग फळीकडे. उत्तर द्यायला वेळ लागला. तेवढ्यात त्यांनी दुसरं पातेलं घासायला घेतलं होतं.